देशाला उशिरा आठवलेला कर्णधार

१९५८ च्या फुटबॉल विश्वचषकाचं नाव निघालं, की आपल्याला आठवतो तो १७ वर्षांचा पेले. ते साहजिकच आहे. पण २९ जून १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या रासुंडा मैदानावर अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा पहिला गोल ब्राझीलनं केला नव्हता. तो केला यजमान स्वीडनच्या कर्णधारानं. चौथ्याच मिनिटाला त्यानं बचावपटूंना हुलकावणी दिली आणि चेंडू जाळ्यात धाडला. त्या स्पर्धेत ब्राझील पहिल्यांदाच पिछाडीवर पडलं होतं.

या कर्णधाराचं नाव निल्स लीडहोल्म. मधल्या फळीत खेळणारा हा गडी तेव्हा ३५ वर्षं आणि पावणेनऊ महिन्यांचा होता आणि त्याची ही पहिलीच विश्वचषक स्पर्धा होती. इतका मोठा खेळाडू इतक्या उशिरा का आला? याचं उत्तर त्याच्या पायांत नव्हतं, एका नियमात होतं.

लीडहोल्मचा जन्म १९२२ चा, वाल्डेमार्सविक या लहानशा गावातला. नॉरशॉपिंग संघाकडून खेळताना त्यानं १९४७ आणि १९४८ अशी लागोपाठ दोन वर्षं स्वीडनचं अजिंक्यपद मिळवलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडननं अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला ३-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात तीन नावं गाजली: गुन्नार ग्रेन, गुन्नार नॉर्डाल आणि लीडहोल्म.

आता इटलीतल्या श्रीमंत क्लबांचं लक्ष गेलं नसतं तरच नवल. १९४९ मध्ये आधी नॉर्डाल, मग ग्रेन आणि लीडहोल्म असे तिघेही मिलानला गेले. नॉरशॉपिंगचे जुने हंगेरियन प्रशिक्षक लायोश चाइझलरही त्याच वर्षी मिलानकडे आले. इटालियन प्रेक्षकांनी तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून त्यांना ‘ग्रे-नो-ली’ म्हणायला सुरुवात केली. १९०७ नंतर मिलानला इटलीचं अजिंक्यपद मिळालेलं नव्हतं. ते १९५१ मध्ये मिळालं, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी.

पण या वैभवाची किंमत होती. स्वीडिश फुटबॉल तेव्हा हौशी होतं. खेळ हा आनंदासाठी, पोट भरण्यासाठी नोकरी वेगळी, असा तिथला दंडक. नॉर्डाल तर अग्निशामक दलात काम करायचा. जो खेळाचे पैसे घेईल, त्याला राष्ट्रीय संघाचा दरवाजा बंद. लीडहोल्म २६ व्या वर्षी मिलानला गेला आणि ऐन उमेदीची जवळजवळ नऊ वर्षं देशाच्या संघाबाहेर राहिला.

या नियमानं काय साधलं? १९५० च्या विश्वचषकात स्वीडननं नवे हौशी खेळाडू उतरवले. त्यांनी साओ पावलोत गतविजेत्या इटलीला ३-२ असं हरवलं. आपल्यासाठी गंमत अशी, की याच गटात भारताचंही नाव होतं. भारतानं माघार घेतली आणि स्वीडन, इटली, पॅराग्वे असे तीनच संघ उरले. स्वीडननं पुढं तिसरा क्रमांक पटकावला. म्हणजे नियम बरोबर ठरला? छे! त्या संघातले स्कोग्लुंड, येप्सन यांच्यासारखे खेळाडूही लगेच इटलीला गेले आणि तेही बाद झाले. जिंकावं आणि जिंकल्यामुळंच माणसं गमवावीत, असा हा खेळ. १९५४ च्या विश्वचषकासाठी तर स्वीडन पात्रही ठरलं नाही.

तिकडं मिलानमध्ये लीडहोल्म शांतपणे खेळत होता. त्याचे पास इतके अचूक असत, की एकदा फार दिवसांनी त्याचा पास चुकला तेव्हा सान सिरो मैदानातल्या प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या, असं सांगतात. कथा तिखटमीठ लावलेली असेलही, पण अशी कथा कुणाच्याही नावावर जमा होत नाही.

१९५८ चं यजमानपद स्वीडनकडं आलं आणि घरच्या मैदानावर शोभा होऊ नये म्हणून दरवाजा उघडला. इंग्रज प्रशिक्षक जॉर्ज रेनर यांनी इटलीतून खेळाडू बोलावले. लीडहोल्म कर्णधार झाला. ३७ वर्षांचा ग्रेनही संघात आला. नॉर्डालची वेळ मात्र टळून गेली होती. स्वीडननं उपांत्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघाला आणि उपांत्य फेरीत गतविजेत्या पश्चिम जर्मनीला हरवलं.

अंतिम सामन्यात त्या गोलनंतर ब्राझीलचा डीडी चेंडू हातात घेऊन, जराही घाई न करता, मध्यरेषेकडं चालत गेला. पाच मिनिटांत वावानं बरोबरी साधली. शेवटी निकाल ५-२. महिनाभर आधीच, २८ मे रोजी, लीडहोल्मच्याच नेतृत्वाखाली मिलान युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदकडून जादा वेळेत ३-२ असं हरलं होतं. एका महिन्यात दोन मोठे अंतिम सामने, दोन्हींत कर्णधार आणि दोन्हींत हार!

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वांत तरुण खेळाडू पेले आणि सर्वांत वयस्क लीडहोल्म, हे दोन्ही विक्रम एकाच सामन्यातले. २०२२ च्या अंतिम सामन्यात ३५ वर्षांच्या मेस्सीनं दोन गोल केले, तेव्हाही लीडहोल्मचा विक्रम काही महिन्यांच्या फरकानं टिकला.

१९६१ मध्ये तो निवृत्त झाला आणि इटलीतच राहिला. प्रशिक्षक म्हणून त्यानं १९७९ मध्ये मिलानला आणि १९८३ मध्ये रोमाला अजिंक्यपद मिळवून दिलं. पुढं पिएमाँतमध्ये द्राक्षमळे लावले, वाइन केली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी तो गेला.

मिलानसाठी त्यानं ३५९ लीग सामने खेळले, देशासाठी फक्त २३. या दोन आकड्यांमधल्या अंतराला त्याच्या खेळातली कुठलीही उणीव जबाबदार नाही. तत्त्व म्हणून केलेला नियम शुद्ध राहिला, पण एका खेळाडूची सर्वांत चांगली वर्षं त्याच्या देशानं पाहिलीच नाहीत. आणि ज्या दिवशी देशाला गरज पडली, त्या दिवशी तत्त्व बाजूला ठेवायला फारसा वेळ लागला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)