अठ्ठ्याण्णव सेंटांचा शिमगा

जून २०१९ मध्ये ऑफिसच्या टीमबरोबर शिकागोत व्हाइट सॉक्सची मॅच बघायला गेलो होतो. बेसबॉल मला अजूनही फारसा कळत नाही. नाचोज आणि गप्पांसाठी जातो म्हणा ना! त्या दिवशी पहिल्या दहा हजार प्रेक्षकांना टी-शर्ट फुकट होता. फुकट म्हटल्यावर आपण वेळेआधी पोचणारच. टी-शर्ट होता ‘डिस्को डेमोलिशन’ला चाळीस वर्षं झाल्याबद्दलचा. म्हणजे काय, ते मला काही ठाऊक नव्हतं. आमच्या टीममधला साठीकडे झुकलेला एक सहकारी हसून म्हणाला, "मी होतो त्या रात्री. सतरा वर्षांचा होतो. बहिणीची रेकॉर्ड ढापून नेली होती जाळायला."

मला एकदम लहानपणची होळी आठवली. आम्हीही शेजाऱ्यांच्या गोवऱ्या आणि मोडक्या खुर्च्या अशाच पळवायचो. घरी आल्यावर हा अमेरिकन शिमगा नक्की काय होता म्हणून वाचायला बसलो आणि बसलोच.

डिस्को म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या सुटातला जॉन ट्रॅव्होल्टा येतो. पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कूसो नावाचा माणूस आपल्या राहत्या जागेत, ‘लॉफ्ट’मध्ये, निमंत्रितांसाठी रात्रभर नाचाच्या पार्ट्या द्यायचा. तिथे येणारे लोक म्हणजे काळे, लॅटिनो, समलिंगी. ज्यांना बाहेर मोकळेपणी एकत्र नाचणंही अवघड होतं, असे. रेडिओला या संगीताची खबरबात नव्हती. क्लबमधले डीजे एखादी रेकॉर्ड उचलून धरायचे, लोक दुकानात जाऊन तीच मागायचे आणि मग नाइलाजानं रेडिओ ती वाजवायचा. थोडक्यात, कुणीही कुणावर न लादलेली ही गोष्ट होती. आवडली म्हणून पसरली.

यात आपलाही एक माणूस आहे बरं का! बंगलोरहून लंडनला गेलेला बिद्दू. त्यानं कार्ल डग्लसकडून गाऊन घेतलेलं ‘कुंग फू फायटिंग’ १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं.

मग मोठ्या कंपन्यांना वास लागला. १९७६ मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिकात निक कोन या पत्रकाराचा ब्रुकलिनमधल्या नाचवेड्या पोरांवर लेख आला. त्यावरून डिसेंबर १९७७ मध्ये ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा सिनेमा निघाला. (त्या लेखातला बराचसा भाग आपण मनानंच रचला होता, असं कोननं पुढे कबूल केलं! पण तोवर सगळा देश त्यावर नाचून झाला होता.) सिनेमाच्या गाण्यांचा अल्बम १९७८ मध्ये सलग चोवीस आठवडे पहिल्या नंबरवर होता. जवळजवळ अर्धं वर्ष! जुलै १९७८ मध्ये न्यूयॉर्कचं डब्ल्यूकेटीयू नावाचं रेडिओ स्टेशन एका दिवसात पूर्ण डिस्को झालं आणि काही महिन्यांत शहरात अव्वल आलं. ते पाहून देशभरच्या स्टेशनांची रांग लागली.

या सगळ्या काळात जे झालं ते लग्नातल्या आग्रहासारखं. पहिली जिलबी सुंदर लागते, चौथी पानात पडली की पंगतीतून उठावंसं वाटतं. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचं डिस्को निघालं, ‘स्टार वॉर्स’चं निघालं, ‘सेसमी स्ट्रीट फीव्हर’ म्हणून चक्क पोराबाळांचंही निघालं. ब्रॉडवेच्या एथेल मर्मनबाईंनी १९७९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आपली जुनी गाणी डिस्कोच्या ठेक्यावर गायली. रोलिंग स्टोन्स आणि रॉड स्टुअर्ट यांच्यासारखे रॉकवालेही मागे राहिले नाहीत. गावोगावच्या बारमध्ये बँडला पैसे देण्यापेक्षा डीजे स्वस्त पडतो हे मालकांच्या लक्षात आलं आणि गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या शनिवारच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. वर चाहत्यांचा तोरा! अमुक कपडे, तमुक बूट, नाहीतर दारातूनच परत. न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’बाहेर दोरीपलीकडे ताटकळणारी गर्दी हीच त्या क्लबची जाहिरात होती. ज्यांना बाहेर कुणी आत घेत नव्हतं त्यांनी सुरू केलेल्या नाचाच्या दारात आता कोण आत येणार ते ठरवणारे लोक उभे राहिले. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

१९७८ च्या अखेरीस शिकागोचं डब्ल्यूडीएआय हे रॉक स्टेशनही डिस्को झालं. तिथल्या स्टीव्ह डाल या चोवीस वर्षांच्या निवेदकाची नोकरी त्यात गेली. तो डब्ल्यूएलयूपी या दुसऱ्या स्टेशनवर गेला आणि रोज सकाळी डिस्कोची यथेच्छ टिंगल करू लागला. गाणं लावायचं, मध्येच सुई खरवडायची आणि स्फोटाचा आवाज काढायचा. आपल्या मापाचा पांढरा थ्री-पीस सूट रेडीमेड मिळत नाही, ही त्याची एक तक्रार! पोरांना हे भलतंच आवडलं.

तिकडे व्हाइट सॉक्सचा खेळ यथातथा आणि प्रेक्षक कमी. मालक बिल व्हेक गर्दी खेचायच्या क्लृप्त्यांसाठी प्रसिद्ध, मुलगा माइकही त्याच वळणाचा. ठरलं असं की १२ जुलै १९७९ ला डेट्रॉइट टायगर्सबरोबर एकापाठोपाठ दोन मॅच आहेत, तर जो डिस्कोची रेकॉर्ड घेऊन येईल त्याला अठ्ठ्याण्णव सेंटांत प्रवेश. (स्टेशनची फ्रीक्वेन्सी ९७.९, म्हणून ९८.) मधल्या वेळात डाल त्या सगळ्या रेकॉर्ड सुरुंगानं उडवणार. एरवी पंधरा-सोळा हजार लोक यायचे. त्या रात्री अधिकृत आकडाच ४७,७९५ होता आणि आणखी हजारो लोक बाहेर. कुणी भिंतीवरून चढून आत येत होते. आमच्या धंद्यात याला लोड टेस्टिंग न करता गो-लाइव्ह करणं म्हणतात.

रेकॉर्ड गोळा करायची पेटी भरून गेली, तेव्हा उरलेल्या रेकॉर्ड लोकांच्या हातातच राहिल्या आणि पहिली मॅच चालू असतानाच त्या तबकड्यांसारख्या मैदानात भिरभिरू लागल्या. पहिली मॅच डेट्रॉइटनं ४-१ अशी जिंकली. मग लष्करी हेल्मेट घालून डाल आला. घोषणा झाल्या, स्फोट झाला, गवतात मोठा खड्डा पडला. आणि हजारो पोरं मैदानात उतरली. बेस उपटले, हिरवळ उपटली, रेकॉर्डांची होळी करून भोवती नाचली. शेवटी पोलिसांनी मैदान मोकळं केलं. ३९ जणांना अटक झाली. दुसरी मॅच खेळण्यासारखं मैदानच उरलं नव्हतं, ती डेट्रॉइटला बहाल केली गेली.

आता मुद्दा असा, की जळलं काय? त्या रात्री तिथे विन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. सिंथेसायझर घ्यायला पैसे जमवत होता बिचारा. त्यानं पुढे सांगितलंय की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डांत कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. डालनं मात्र वंशद्वेषाचा आरोप नेहमीच नाकारला, आम्ही फक्त रॉकवेडी पोरं होतो असं त्याचं म्हणणं. माझ्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी अठ्ठ्याण्णव सेंटांसाठी गेलो होतो." मला वाटतं, दोघंही खरं सांगतात. वीट आलेला माणूस जिलबी वाढणाऱ्यावर चिडत नाही, जिलबीवर चिडतो. लादलं कंपन्यांनी, स्टेशनांनी आणि दारात दोरी धरून उभ्या असलेल्या मंडळींनी. राग निघाला तो ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्यावर.

कंपन्यांचं काय बिघडलं? त्यांनी पाटी बदलून ‘डान्स म्युझिक’ लावली. ग्रॅमीनं १९८० मध्ये डिस्कोसाठी खास पारितोषिक सुरू केलं. ग्लोरिया गेनरच्या ‘आय विल सर्व्हाइव्ह’ला ते मिळालं आणि लगेच ते बंदही झालं. बी जीज बंधूंची गाणी न वाजवण्याचीच रेडिओवर जाहिरात होऊ लागली. मग त्यांनी दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, बार्बरा स्ट्रायसँडसाठी, केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनसाठी, आणि तीच स्टेशनं ती आनंदानं वाजवत राहिली! शिकागोत तर गंमतच झाली. ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोच्या जुन्या रेकॉर्ड नव्या तऱ्हेनं जोडून वाजवतच राहिला. त्यातून जे निघालं त्याला त्या क्लबवरूनच ‘हाउस’ नाव पडलं. विन्सला सिंथेसायझर मिळाला असावा, कारण हाउसच्या अगदी पहिल्या रेकॉर्डांपैकी १९८४ च्या एकीवर त्याचंही नाव आहे.

आणि आपण? अमेरिका डिस्को पुरून मोकळी होत असताना बिद्दूनं १९८० मध्ये ‘कुर्बानी’साठी पंधरा वर्षांच्या नाझिया हसनला गायला लावलं, आणि १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतासह ‘डिस्को डान्सर’ आला. आपल्याकडे कुणाला कंटाळा आला नव्हता. त्यांची चौथी जिलबी, आपली पहिली!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे यंदा मंडळाच्या गणपतीत गाण्यांची यादी माझ्याकडे होती. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा इथल्या हॉलमध्ये ‘झिंगाट’वर आजी-आजोबांसकट सगळे नाचले होते. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट तोच. गणपती, दिवाळी, संक्रांत, पिकनिक. जे बसून राहतात त्यांना आपण हात धरून ओढतो, "अरे, मराठी ना तुम्ही?" असं वर विचारतो. मीही ओढलंय. यंदा ते गाणं लागताच पाच-सहा मोठी मुलं शांतपणे उठून पार्किंग लॉटमध्ये गेली. त्यात माझी भाचीही होती. तिला अजय-अतुल आवडत नाहीत असं नाही, गाडीत ती स्वतःहून त्यांची गाणी लावते. मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी यादीत ते गाणं ठेवायचं नाही असं सुचवलं, तर कमिटीत दोन गट पडले. वाद अजून मिटलेला नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसात सीपीआरचं ट्रेनिंग होतं. छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची असते. त्या लयीसाठी बाईंनी आम्हाला बी जीजचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ मनात म्हणायला सांगितलं. माझा तो सहकारी गुडघ्यांवर बसून रबरी पुतळ्याची छाती दाबत होता. त्याला ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं.