२७ ऑक्टोबर १९५१ : कोबाल्ट किरणोपचारांची सुरुवात

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन शहरी, व्हिक्टोरिया रुग्णालयात आजच्या दिवशी कर्करुग्णावर कोबाल्ट-६० यंत्राने जगात प्रथमच किरणोपचार झाले. तोवरच्या क्ष-किरणांचा जोर बराचसा त्वचेवरच खर्ची पडे. खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेसा मारा करायचा तर कातडी भाजून निघे. कॅनडातल्याच चॉक रिव्हरच्या अणुभट्टीत तयार झालेल्या कोबाल्टच्या गॅमा किरणांचा प्रभाव त्वचेखाली सुमारे अर्ध्या सेंटीमीटरवर सर्वाधिक असतो. रुग्णांच्या यातना त्यामुळे किती हलक्या झाल्या! अणू म्हटले की हिरोशिमाच आठवावे, अशा त्या काळात हे घडले. काही दिवसांतच कॅनडातल्याच सॅस्काटूनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड जॉन्स यांच्या यंत्रावरही उपचार सुरू झाले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचार यंत्रही याच तत्त्वावर चालते.