प्रकाशाचा अदमास: दादर ते पोलरॉइड

छायाचित्रणाचा इतिहास आपण बहुधा कॅमेऱ्यांचा आणि छायाचित्रकारांचा इतिहास म्हणून वाचतो. फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, हा निर्णय कोणी व कशाच्या आधारे घेतला, हा प्रश्न मागे राहतो. इन्स्टंट फिल्मबाबत तो टाळता येत नाही. कारण तेथे चूक सावरून घ्यायला डार्करूम नसते.

मुंबईपुरते पाहायचे तर १८५४ मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेपासून आरंभ करावा लागतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळच्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन ती धुवावी लागे. प्रकाशाचा अंदाज चुकला, तर ते काही मिनिटांतच कळे.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी दादरच्या मेन रोडवरील मथुरा भवनात, लंडनहून मागवलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याने काम सुरू केले. वाटाण्याचे रोप वाढताना दाखवणारी त्यांची छोटी फिल्म महिनाभराहून अधिक काळ एकेक फ्रेम घेऊन तयार झाली. प्रकाश पडताच काटा हलवणारा मापक बाजारात यायला १९३० नंतरचे दशक उजाडायचे होते. रोज बदलणाऱ्या उजेडात फ्रेम्स एकमेकींशी जुळवायच्या, तर भिस्त डोळ्यांच्या अदमासावरच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३, कॉरोनेशन, गिरगाव) हा चित्रपटही उन्हातच चित्रित झाला. सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असे सांगितले जाते. चादर सावलीतल्या चेहऱ्यावर ऊन परतवते, उजेड-सावलीतील तफावत घटवते आणि दृश्य फिल्मच्या आवाक्यात आणते. आम्हांस हे प्रकाशमापनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

एडविन लँड यांचा पोलरॉइड कॅमेरा १९४८ मध्ये विक्रीला आला. १९७२ च्या एसएक्स-७० मध्ये प्रकाश मोजणारा ‘डोळा’ कॅमेऱ्यातच होता. मात्र त्याच्याशेजारी चित्र उजळ वा गडद करणारी एक चकतीही ठेवलेली होती. यंत्राच्या निवाड्यावर माणसाला दुरुस्ती सुचवता यावी, एवढी जागा तिने राखली.

ती जागा का लागते? मापक समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे, असे धरून चालतो. परळच्या चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसामागे उजळ आभाळ असले, की तो प्रकाश कमी घेतो आणि चेहरा काळवंडतो. येथे चकती उजळ बाजूस फिरवावी लागते. लालबागच्या मंडपात रात्री मूर्तीमागे काळोख असेल, तर उलट घडते: काळोख राखाडी करण्याच्या नादात मूर्ती पांढुरकी होते. इन्स्टंट फिल्मची सहनशीलता तोकडी. उजळ भागातला गेलेला तपशील परत मिळत नाही. हातातला मापक चेहऱ्याजवळ नेऊन, कॅमेऱ्याकडे वळवून, पडणारा प्रकाश मोजणे अधिक भरवशाचे. शिवाय पोलरॉइडची फिल्म साधारण १३ ते २८ अंश सेल्सियसमध्ये नीट उमटते. त्याहून अधिक उष्म्यात रंग पिवळसर-तांबूस होतात. मुंबईचा मे महिना ही मर्यादा सहज ओलांडतो.

‘सरासरी’ ही कल्पनाही निरागस नाही. रंगीत छपाईचा मेळ साधण्यासाठी कोडॅकच्या ‘शर्ली’ कार्डांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा प्रमाण मानला गेला. कोणाचा वर्ण योग्य उमटला म्हणजे चित्र ‘बरोबर’, हे त्यात गृहीत धरलेले होते. गॅलरीतला सावळा चेहरा काळा पडतो, तेव्हा दोष उजेडाचा की गृहीतकाचा, हे तपासावे लागते. साहित्याच्या वाचकाला अशा गृहीतकांची ओळख आहेच.

पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्मचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. पुढे नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्यात ते नव्याने उभे राहिले. आज पोलरॉइडच्या एका पाकिटात आठच फ्रेम्स असतात. त्या वाया घालवायच्या नसतील, तर कळ दाबण्याआधी मापकाने काय गृहीत धरले असेल, याचा विचार आपल्यालाच करावा लागतो.