दिंडी ते झडप

आपल्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असे. रात्री दरवाजा लागला, की माणसं वाकून तिच्यातून ये-जा करीत. मांजराला तीही लागत नसे. त्याची वाट कौलांवरून. कुत्र्याची जागा अंगणात.

इंग्लंडमधल्या एक्झिटर कॅथेड्रलमध्ये मात्र १५९८ साली बिशप कॉटन यांनी सुतारांना पैसे देऊन दारालाच भोक पाडून घेतलं. आतल्या घड्याळाकडे जाणारे उंदीर मांजरानं पकडावेत, हा हेतू.

इकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले, त्यांच्यामागून सदनिका आल्या. कौलं गेली, अंगण गेलं. कुत्रा-मांजर घरात आले आणि दार बंद झालं. मग दारातच झडप बसवायची वेळ आली. दोघांसाठी एकच झडप घ्यायची, तर रुंदी कुत्र्याच्या खांद्यांवरून ठरवावी आणि खालची कड मांजराला सहज ओलांडता येईल इतकीच उंच ठेवावी. झडप गॅलरीत उघडणार असेल, तर आधी गॅलरीला जाळी लावावी. वाड्यातलं जनावर दिंडीबाहेर पडलं, तर गल्लीत जाई. सातव्या मजल्यावर गल्ली नसते.