गुपित आधी कोणाला कळले?

पालमहून परभणीस उपचारांसाठी निघालेल्या रुग्णाच्या हाती बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते आणि तीत रिपोर्टांची फाईल. एसटीत शेजारचा गृहस्थ आस्थेने 'काय होतंय?' म्हणून विचारतो, फाईल उघडली जाते आणि गंगाखेड येईपर्यंत निम्म्या गाडीला दुखणे ठाऊक होते. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. परंतु रुग्णाने स्वतः सांगणे वेगळे आणि दुसऱ्याने परस्पर सांगणे वेगळे. हे अंतर किती मोठे आहे, ते गोव्यातील एका कॅथलिक तरुणाच्या हकिगतीवरून आम्हांस उमगले.

बार्देशमधील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा नेमाने रक्तदान करणारा. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू आढळले. ही गोष्ट त्याला एकांतात सांगावी, धीर द्यावा, हे कोणास सुचले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले, आणि आपल्याला काय झाले आहे हे त्याला त्यानंतर कळले! गुपित ज्याचे, त्यालाच ते सर्वांत शेवटी समजले. क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका इमारतीत त्याला पहाऱ्यात ठेवण्यात आले. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती.

त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ६४ दिवसांनी डॉमिनिक घरी परतला. मात्र व्यक्तीचा हक्क व समाजाचे हित यांत विरोध आल्यास समाजाचे हित श्रेष्ठ, असे म्हणून न्यायालयाने विलगीकरणाचे कलम वैध ठरविले. दरम्यान कायद्यात एवढीच दुरुस्ती झाली, की विलगीकरण सक्तीचे न राहता अधिकाऱ्यांच्या विवेकावर राहिले.

समाजहिताचा मुद्दा आम्ही नाकारीत नाही. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करावयाचे नसते. डॉक्टरांवरील बंधन तितके निरपवाद नाही. न्यायालयाने आज्ञा केल्यास त्यांना बोलावे लागते. पण समाज म्हणजे नेमके कोण? धोका ज्याला आहे तो एक माणूस, की बातमी चघळणारे सारे गाव? चर्चच्या अंगणात प्रार्थनेच्या निमित्ताने अशी बातमी किती वेगाने फिरते, हे आम्हांस ठाऊक आहे.

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. नागालँडमधील एका डॉक्टराने आप्तासाठी रक्त दिले असता त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. रुग्णालयाकडून ही बातमी बाहेर गेली, ठरलेला विवाह मोडला, आणि समाजाने वाळीत टाकल्यामुळे त्याला कोहिमा सोडावे लागले. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क त्याच्या गुप्ततेहून मोठा, असा निर्णय झाला. वधूपुरता तो आम्हांस योग्य वाटतो. कोहिमाच्या शेजाऱ्यांना मात्र कोणता धोका होता, ते आम्हांस कळलेले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच, १९९७ मध्ये, अधिक कोवळी वाट दाखविली होती. एचआयव्हीमुळे नोकरीत कायम होऊ न शकलेल्या एका मजुराला नाव झाकून दाद मागण्याची मुभा मिळाली. निकालपत्रात तो केवळ 'एमएक्स' आहे.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या दोन्ही गोष्टी सामावून घेतल्या. रुग्णाच्या संमतीवाचून अथवा न्यायालयाच्या आदेशावाचून माहिती उघड करता येत नाही. जोडीदाराला खराच धोका असेल, तर डॉक्टराने प्रथम रुग्णालाच ते सांगावयास प्रवृत्त करावे. तो सांगणार नाही अशी खात्री पटल्यास, आपण सांगणार आहोत याची त्याला कल्पना द्यावी. आणि मगच जोडीदाराशी समक्ष, समुपदेशनासह बोलावे. रुग्णाला न कळवता काही करावयाचे नाही, असा हा क्रम आहे.

कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. डॉमिनिक मे १९९२ मध्येच निवर्तला होता. त्याच वर्षी त्याच्या प्रेरणेने गोव्यात 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली.