मल्लखांब : पुण्याहून बिठूरला, बिठूरहून आपल्या अंगणात

मंडळाच्या मागील अंगणात जेथे आज पाण्याची टाकी उभी आहे, तेथे एके काळी एक सागवानी खांब पुरलेला होता, ही गोष्ट आजच्या सभासदांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मंडळ स्थापन झाल्यावर तिसऱ्याच वर्षी, स्वतःची धड इमारतही झालेली नसताना, आपल्या वडीलमंडळींनी तो खांब उभा केला. गणपतीच्या मखराआधी मल्लखांब आला, असे त्या काळी थट्टेने म्हटले जाई. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे असे संपादकांनी सुचविले तेव्हा नाटके, सहली, हळदीकुंकू यांची हकिकत इतर लेखक सांगतीलच, म्हणून आम्ही या खांबाचा इतिहास निवडला. त्यात आमचे एक जुने देणेही आहे. ते पुढे येईल.

मल्लखांब या शब्दाचा अर्थ सरळ आहे. मल्लाचा खांब, किंबहुना खांबच मल्ल. प्रतिस्पर्धी मिळाला नाही तर पैलवानाने डाव कोणावर करावयाचे? खांबावर. तो थकत नाही, चिडत नाही आणि दादही देत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या नित्याच्या मेहनतीचे प्रकार दिले आहेत. भार उचलण्याचा भारश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, तसाच खांबावरचा स्तंभश्रम. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. तेव्हा ही विद्या पुण्यातच जन्मली असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे. मात्र मधली काही शतके ती कोणत्या आखाड्यांत तग धरून होती याचा धागा सलग लागत नाही. तो पुन्हा हाती येतो तो दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात.

बाळंभटदादा देवधर यांची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन बलाढ्य पैलवान पुण्यास आले, त्यांनी पेशव्यांच्या पैलवानांना आव्हान दिले, कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली आणि ते सप्तशृंगीच्या डोंगरी गेले. तेथे झाडांवर चढणारी-उतरणारी वानरे पाहून, किंवा प्रत्यक्ष मारुतिरायाच्या दृष्टांताने, त्यांना खांबावरची ही विद्या स्फुरली, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले, असे परंपरा सांगते. दृष्टांताविषयी आम्ही काही बोलणार नाही. वानरांचे मात्र आम्हाला पूर्ण पटते. वानर फांदीला केवळ हातांनी धरीत नाही. तो पायांनी, मांड्यांनी, प्रसंगी पोटानेही धरतो, आणि एक पकड पक्की झाल्यावाचून दुसरी सोडीत नाही. मल्लखांबाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लाखांची नेमणूक पत्करली आणि कानपूरजवळ गंगाकाठी बिठूर येथे वास्तव्य केले. १८५१ साली तो तेथेच वारला. राज्य गमावलेल्या त्या पेशव्याबरोबर उत्तरेत आलेल्या मराठी माणसांनी आपले देव आणले, पुरणाचे पाटे आणले, आणि हा खांबही आणला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, नानासाहेब आणि तात्या टोपे हे लहानपणी बिठूरला मल्लखांब शिकले असे सांगतात. त्याला मोठा आधार परंपरेचाच आहे. परंतु बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेतील कोंडभट गोडबोले यांच्या नावाचा आखाडा काशीस नांदला, हे तेथील जुन्या मराठी घरांत आजही सांगितले जाते. घरापासून दूर येऊन पडलेल्या मराठी माणसाने पहिल्याप्रथम मंडळ काढण्याची पद्धत पुढे पडली. त्याच्याही आधी तो आखाडा काढीत असे, असे आम्ही मानतो.

बडोद्यास याच विद्येला मोठा आश्रय मिळाला. तेथे उस्ताद जुम्मादादा आणि त्यांचे पट्टशिष्य प्रो. माणिकराव ही गुरुशिष्यांची जोडी नांदली. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि गुरूच्या पश्चात आखाडा गुरूच्याच नावाने चालविला गेला. माणिकरावांची ख्याती जशी व्यायामात तशीच हाडे बसविण्यातही होती. जेथे चढावयास शिकवितात तेथे पडलेल्याला सावरणाराही असावा, हा व्यवहार त्यांच्या आखाड्यात मुरलेला होता. याच बडोद्यातून आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध केले. मल्लखांबाचे प्रकार चित्रांसह कागदावर उतरले ते त्यांत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तर १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

आता प्रत्यक्ष खांबाकडे वळू. पुरलेला मल्लखांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच असतो. बुंध्याशी त्याचा घेर पन्नास सेंटिमीटरांहून थोडा अधिक, आणि वर तो निमुळता होत जातो. त्याचे तीन भाग : अंग, मान आणि बोंड. याखेरीज साखळीने लटकाविलेला टांगता मल्लखांब आहे, आणि पूर्वी वेताचा होता. चांगला लांब वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा सुती दोरीने घेतली. दोरीवर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरावी लागते, आणि ही चिमटी जमेपर्यंत मुलींच्या डोळ्यांत पाणी येते, हे आम्ही पाहिले आहे.

पण पकडीचे खरे रहस्य एरंडेलात आहे. नवख्याला वाटते की खांबाला तेल लावले म्हणजे तो निसरडा होणार. वस्तुतः कोरड्या सागावर उघडी मांडी घासली तर सालटे निघते, आणि वेदनेने माणूस आपोआप पकड सैल करतो. पडतो तो त्यामुळे. एरंडेल घट्ट आणि चिकट असते. ते घर्षण संपवीत नाही, कातडी वाचेल इतकेच कमी करते, आणि स्नायूंनी दाब दिला की पुन्हा पकड देते. तेही चोळून चोळून, अगदी पातळ थर येईल असे लावावयाचे. तळहात घामेजले तर राळेची पूड. अंगठी, कडे, करदोडा उतरवून ठेवावयाचा, नखे कापावयाची. खाली मऊ माती, पुढे गाद्या आल्या. आणि खांबाशी शिकविणाऱ्याचा हात.

शिकविण्याचा क्रम आखाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून ठरविलेला आहे. आधी सलामी. मग साधी अढी. म्हणजे खांबाला हातांनी कवटाळून कंबर वर उचलावयाची आणि डोके खाली राहून मांड्यांच्या कातरीत खांब धरावयाचा. ही अढी डावीउजवीकडे सारखीच पक्की होईपर्यंत तेढीचे नाव काढू द्यावयाचे नाही. मग बगल्या, दसरंग, फिरक्या, वेल, सुईदोरा, ताजवे, आणि बोंडावरची आसने. प्रत्येक प्रकारातून खाली कसे यावयाचे हे त्या प्रकाराआधी शिकवावयाचे. उतरत्यांना स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र सराव आहे तो उगाच नव्हे. अवघड प्रकार करताना मुलगा घाबरला की शिकविणारा त्याला वर ढकलीत नाही. तो एका हाताने कंबर आणि दुसऱ्याने मान सावरून त्याला खाली घेतो. मानेचा हात शेवटपर्यंत सुटू नये, हा नियम आम्हाला आमच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता.

हे मास्तर रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते. संध्याकाळी सहाला सायकल भिंतीला लावून ते अंगणात येत. बोलणे थोडे. एरंडेलाची बाटली त्यांच्याच पिशवीत असे आणि ती ते कोणाच्या हाती देत नसत. एका पावसाळ्यात त्यांची फिरतीची पाळी आली. चार दिवस अंगण ओस. पाचव्या दिवशी आम्ही मोठ्या मुलांनी स्वतःच सराव करावयाचे ठरविले. एरंडेल नव्हते. आमच्या या शहरात स्वयंपाकघरात हाताशी असते ते मोहरीचे तेल. तेल ते तेल, असे म्हणून आम्हीच घरून वाटीभर आणले आणि खांबाला सढळ हाताने चोपडले. आमच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला एक सोबती, ज्याची अढी आम्हा सर्वांत उत्तम होती, तो पहिला चढला. अढी घातली आणि हात सोडले. क्षणभर सर्व ठीक दिसले. मग तो भिजलेल्या साबणासारखा सरकला. माती पावसाने घट्ट बसलेली होती. मनगट मोडले. डोके वाचले ते केवळ दैवाने.

मास्तर परतले तेव्हा त्यांनी खांबावर बोट फिरवून वास घेतला. कोणी केले, एवढेच विचारले. आम्ही गप्प राहिलो. पावसाचे पाणी लागले असावे, असे कोणीतरी म्हणाले आणि तेच मंडळाच्या बैठकीत ग्राह्य धरले गेले. मास्तरांनी ते खोडून काढले नाही. ठपका त्यांच्यावर आला. गैरहजेरीत अंगणाला कुलूप घातले नाही म्हणून. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली, शिकविणारे कोणी उरले नाही, आणि पुढे टाकीसाठी खांब काढला गेला. ही गोष्ट आज प्रथमच आम्ही लिहून देत आहोत. मास्तर आता हयात नाहीत.

इकडे आपल्या अंगणातून खांब गेला, तिकडे देशात त्याचे दिवस पालटत होते. १९६२ साली ग्वाल्हेरला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाला स्थान मिळाले होते. पुढे ते गेले, आणि १९८१ साली मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत उज्जैनचा वाटा मोठा. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. महाराष्ट्राआधी तो मध्य प्रदेशाने दिला, याचे वैषम्य वाटून घ्यावे की अभिमान, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हाला अभिमान वाटतो. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेथील समर्थ व्यायाम मंदिरात आयुष्यभर शिकविणारे श्री. उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. छत्तीसगडच्या अबुझमाडमधील आदिवासी मुलेही आज हा खेळ अशा सफाईने करतात की पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

गेल्या दिवाळीत एका सभासदांची कन्या बंगलोरहून आली होती. ती तेथे पोलादी खांबावरचे नृत्य शिकते, ज्याला पोल डान्स म्हणतात. घरच्यांना ते सांगताना ती जरा संकोचली, पण आमच्यापाशी मोकळेपणाने बोलली. स्पर्धेतला तिचा खांब पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा. तेल मुळीच चालत नाही. उलट अंगाला मलम लावून गेले तर हात टिकत नाही, म्हणून खांब स्पिरिटने पुसून घेतात आणि घामासाठी हाताला खडूची पूड लावतात. पकड मात्र उघड्या कातडीची, मांडीची, गुडघ्यामागच्या खोबणीची. डोके खाली करावयाचा पहिला प्रकार शिकविताना तिच्या शिक्षिका शेजारी उभ्या राहून कमरेला हात देतात. खाली जाड गादी. दोन्ही बाजूंनी सारखा सराव झाल्याशिवाय पुढचा प्रकार नाही, आणि दमलेल्या अंगाने नवे काही करावयाचे नाही. आम्ही तिला अढी कशी घालतात ते हातांनीच दाखविले. ती म्हणाली, “काका, हे तर आमचंच आहे.” आम्ही म्हटले, “नाही ग बाळ, तुमचं तुमचं आणि आमचं आमचं. पण पडण्याची रीत एकच.”

सुवर्णमहोत्सवानिमित्त अंगणात पुन्हा मल्लखांब उभारावा, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला तेव्हा एकाच सभासदाने विरोध केला. तो तोच, ज्याचे मनगट मोडले होते. आजही थंडीत ते त्याला दुखते. तो म्हणाला, खांबाला माझा विरोध नाही. शिकविणारा माणूस ठरल्यावाचून खांब उभा करण्याला आहे. त्याचे म्हणणे कोणाला खोडता आले नाही, आणि आम्ही तर तोंडच उघडले नाही. बैठकीनंतर फाटकापाशी त्याला गाठून आम्ही मोहरीच्या तेलाची हकिकत सांगितली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “मला ठाऊक होतं. वास आला होता.” मग त्याने मास्तरांच्या घरच्यांचा पत्ता विचारला.

ठराव दुरुस्त होऊन मंजूर झाला आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकविण्यास एक तरुण प्रशिक्षक मिळाले आहेत. ते येथल्याच महाविद्यालयात शिकवितात, घरी हिंदी बोलतात, आणि उज्जैनला मल्लखांब शिकलेले आहेत. टाकीच्या पलीकडे कमरेइतका खड्डा खणून झाला आहे. सागाचा खांब नागपूरहून यावयाचा आहे. एरंडेलाची बाटली मात्र आणून कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे, आणि तिची किल्ली त्या विरोध करणाऱ्या सभासदाकडे आहे.