तंजावरची टिपणे आणि वयाचा प्रश्न

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे जतन केलेली आहेत. रुग्णांची हकीकत, उपचार आणि सोबत डोळ्यांची चित्रे, असे त्यांचे स्वरूप आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला उरला आणि विद्या उरली. १८३२ साली निधन होईपर्यंत त्यांनी ग्रंथसंग्रह वाढवला. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी नांदले.

या टिपणांचे मोल नेत्रचिकित्सेपुरते नाही. 'उतारवयात उपचार लागू पडत नाही' यांसारखी समजूत आठवणींवर पोसली जाते. तिची परीक्षा घ्यायची, तर प्रत्येक रुग्णाची नोंद वेगळी ठेवावी लागते.

दंतरोपणाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९५२ साली स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातील रक्तप्रवाह अभ्यासत असताना टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ साली गोस्टा लार्सन या चौतीस वर्षांच्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी अशी रोपणे बसवली. २००६ साली लार्सन यांचे निधन होईपर्यंत ती कामात होती.

रोपणाचे आरंभीचे यश पहिल्या काही महिन्यांत ठरते. तेवढ्या अवधीत हाड टायटॅनियमला घट्ट धरते किंवा धरत नाही. वयाबरोबर हाड भरून येण्याचा वेग मंदावतो, म्हणून वृद्धांमध्ये अपयश अधिक असणार, असा तर्क साहजिक होता. मात्र नोंदी साठत गेल्या, तसे दिसले की केवळ वाढते वय निर्णायक ठरत नाही. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, जबड्याला दिलेले किरणोपचार आणि हाडाची प्रत यांचा विचार आधी करावा लागतो. वयाची खरी आडकाठी दुसऱ्या टोकाला आहे. वाढत्या मुलाचा जबडा आणि शेजारचे दात पुढे सरकतात; रोपण मात्र जागीच राहते आणि खोल गेल्यासारखे दिसते. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.

सत्तरीतल्या माणसाला 'आता या वयात कशाला?' असे ऐकवले जाते, तेव्हा त्याचा घास एका न तपासलेल्या समजुतीपायी हिरावला जातो. तंजावरच्या चित्रकारांनी डोळे रंगवले ते विशिष्ट रुग्णांचे, सरासरी माणसाचे नव्हेत. वय हा रुग्णाच्या टिपणातील एक रकाना आहे. तो निकाल नव्हे.